जुनी बंदूक हाती आली तर

कळवणजवळचा धोडप किल्ला 1818मध्ये इंग्रजांकडे गेला. तेव्हा कंपनीच्या पलटणींकडे चकमकीच्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या. नळीत पीळ असलेली, नेमका वेध घेणारी रायफल सर्रास वापरात आली ती पुढे.

संग्राहकांची लाडकी म्हणजे थ्री-नॉट-थ्री रायफल! बोल्टच्या मुठीखालच्या पोलादी पट्टीवर मुकुट, त्याखाली 'जीआरआय', 'इशापूर' आणि साल दिसलं, की ती पश्चिम बंगालच्या कारखान्यातली. अशी खूण वाचण्यात केवढा आनंद!

पण कायदा पक्का हवा. शस्त्र अधिनियम 1959च्या कलम 45नुसार दुरुस्तीनेही झाडता न येणारी पुरातन बंदूकच परवान्याच्या सवलतीत बसते. चालू थ्री-नॉट-थ्रीला ती सवलत नाही.

माळ्यावर बंदूक सापडली, तर घोडा ओढून पाहू नका. आधी पोलीस ठाण्यात कळवा.