चेहरा नसलेल्या कवीचं घर

रत्नागिरीहून आरे-वारेचा किनारा धरून निघालेली पाहुण्यांची गाडी गणपतीपुळ्याला थांबते. दर्शन, समुद्र, मोदक, की लगेच परतीची घाई. तिथून जेमतेम दोन किलोमीटर पुढे मालगुंड आहे. माडांच्या बागा, जांभ्या चिऱ्याचे गडगे आणि त्यांच्यामध्ये एक कौलारू घर. १८६६ मध्ये या गावी दामले मास्तरांना मुलगा झाला, कृष्णाजी. मराठी त्याला केशवसुत म्हणून ओळखते.

घराची दारं ठेंगणी, त्यामुळे आत शिरताना मान आपोआप खाली जाते. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे सरावायला थोडा वेळ लागतो. मग ओटी दिसते, माजघर दिसतं, पायाखालचं सारवण जाणवतं. शाळामास्तराच्या पगारात चाललेला मोठ्या खटल्याचा संसार कसा असेल, याचा अंदाज इथे उभं राहूनच येतो. याच कुटुंबातले मोरो केशव दामले म्हणजे १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’चे कर्ते. एका भावाने कवितेच्या रूढ चौकटी मोडल्या, दुसऱ्याने भाषेचे नियम लिहून काढले!

केशवसुतांच्या वाट्याला हे गाव फार आलं नाही. शिक्षणासाठी खेड, बडोदे, वर्धा, नागपूर, पुणे अशी वणवण झाली. मॅट्रिक व्हायला १८८९ साल उजाडलं. पुढे तुटपुंज्या पगाराची मास्तरकी, तीही कधी मुंबईत, कधी खानदेशात, शेवटी धारवाडला. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीत प्लेगने त्यांना गाठलं, तेव्हा चाळिशीही उलटली नव्हती. मागे उरल्या त्या सव्वाशेच्या थोड्या पुढच्या कविता. त्यांचा संग्रह पाहणंही नशिबी नव्हतं. तो हरि नारायण आपट्यांनी नंतर छापला. पण एवढ्याशा ऐवजावर मराठी कवितेने कूस बदलली. आख्यानं आणि स्तोत्रं यांच्या पलीकडे जाऊन ती साध्या माणसाच्या मनातलं बोलू लागली. इंग्रजी सॉनेट मराठीत आलं ते त्यांच्यामुळे. आपण त्याला सुनीत म्हणतो. १८९३ च्या ‘तुतारी’ने तर जुन्याविरुद्ध थेट रणशिंगच फुंकलं.

अशा कवीचं एकही छायाचित्र आज उपलब्ध नाही. पुस्तकांत दिसतात ती सगळी कल्पनाचित्रं. म्हणून या घराचं मोल जास्त.

ते जपण्याचं श्रेय मधु मंगेश कर्णिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पाठोपाठ १९९१ मध्ये कोकण मराठी साहित्य परिषद उभी राहिली आणि ‘कोमसाप’ने मालगुंडचं काम हाती घेतलं. ८ मे १९९४ रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं. आवारात केशवसुतांच्या कविता कोरून लावल्या आहेत. झाडांच्या सावलीत, उभ्या उभ्या, सावकाश वाचाव्यात. शेजारच्या दालनात त्यांच्यानंतरच्या आधुनिक कवींची चित्रं आणि माहिती आहे. तिथे वारसदारांचे चेहरे एकापाठोपाठ एक भेटत जातात. मूळ पुरुषाला भेटायचं तर पुन्हा त्या ठेंगण्या दारातून आत जावं लागतं.

बाहेर पडल्यावर गायवाडीची पुळण गाठावी. गणपतीपुळ्याची गर्दी इथे नसते. आपण पाहुणे तासाभरात निघतो. केशवसुत मात्र घाटावरच्या बिऱ्हाडांतून सारखे इकडे वळून पाहत राहिले. ‘गोष्टी घराकडील’ ही कविता त्यातलीच. दुसऱ्या एका कवितेत तर त्यांनी कोकणातून येणाऱ्या नैर्ऋत्येच्या वाऱ्यालाच हाक मारली आहे.

मृग लागला की तोच वारा अजूनही या पुळणीवरून वर येतो, माड हलवतो आणि त्या घराच्या कौलांवरून घाटाकडे निघून जातो.