पोटात दुखत नाही, म्हणजे गोळी सोसली असं नव्हे

गुडघे ठणकायला लागले की आजी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून ‘दुखण्याच्या गोळ्या’ आणते. दुकानदार पाकीट कात्रीने कापून चार गोळ्या देतो आणि औषधाचं नाव उरलेल्या तुकड्यावर राहून जातं. घरी दोन घास भाकरी खाऊन गोळी घेतली, की पोटाची काळजी मिटली असं तिला वाटतं.

ती मिटत नाही. पोटात अन्न असलं तर जळजळ, मळमळ कमी होते, एवढं खरं. पण डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा मोठा घाव रक्तातून बसतो. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत, हे १९७१ साली जॉन व्हेन यांनी दाखवलं. हीच द्रव्यं गुडघ्यात सूज आणतात आणि जठरात बुळबुळीत संरक्षक थरही राखतात. गुडघ्याची सूज उतरते तेव्हा जठराचं अस्तरही उघडं पडू लागतं. म्हणूनच इंजेक्शन घेतल्यानेही पोट वाचत नाही. बाहेरून लावायच्या जेलमधून मात्र रक्तात फारच थोडं औषध जातं.

‘माझ्या पोटात कधी दुखत नाही’ हा समज मला सर्वांत धोक्याचा वाटतो. वयस्कर माणसांत अल्सर कित्येकदा मुकाट वाढतो आणि पहिली खूण दिसते ती थेट रक्तस्रावाची. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच, सोबत चक्कर किंवा थकवा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण अशी शंका आली तर घरी अंदाज बांधत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

अ‍ॅसिडिटीचं गुलाबी सिरप जळजळ शमवतं, अल्सर टाळत नाही. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल यांनी जठराचं रक्षण बऱ्यापैकी होतं, पण लहान आतड्याचं नाही. पासष्टी ओलांडलेल्यांना, पूर्वी अल्सर झालेल्यांना, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्यांना धोका जास्त. हृदयासाठी रोज घेतात ती ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिनही याच कुळातली, पण ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. पॅरासिटामॉल या गटातलं नाही. साध्या दुखण्याला आधी ते चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. त्याचाही डोस ओलांडला तर यकृताला इजा होते.

आणि पुढच्या वेळी दुकानदाराकडून नाव असलेला तुकडाच मागून घ्या. दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत एकाच कुळाची गोळी असू शकते, आणि दोन्ही मिळून घेतल्या तर धोका वाढतो.