हिमवादळामुळे बुडालेले काम आणि वेतनाचा प्रश्न : अमेरिकन कायद्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळ्यातील हिमवादळांमुळे रस्ते, रेल्वे व शाळा बंद पडण्याचे प्रसंग वारंवार येतात. अशा दिवशी बुडालेल्या कामाचा भार मालकाने सोसावा की कामगाराने, हा केवळ व्यवस्थापनाचा नव्हे, तर सामाजिक न्यायाचाही प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात तेथील कायद्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

१. केंद्रीय कायदा :
१९३८ चा ‘फेअर लेबर स्टँडर्ड्‌स ॲक्ट’ हा या विषयातील मूलभूत कायदा होय. त्यानुसार तासांवर वेतन घेणाऱ्या कामगाराला प्रत्यक्ष केलेल्या कामाचेच वेतन मिळते. मालकाने स्वतः कारखाना बंद ठेवला, तरी न झालेल्या कामाचे वेतन देण्याचे बंधन या कायद्याने त्याच्यावर येत नाही.

जादा कामाच्या भत्त्याच्या तरतुदीतून वगळलेल्या, निश्चित पगारावरील अधिकारी व व्यावसायिक यांची स्थिती वेगळी आहे. त्यांनी आठवड्यात काही काम केले असेल आणि उर्वरित दिवशी कार्यालयच बंद राहिले असेल, तर पूर्ण आठवड्याचा पगार द्यावा लागतो. कार्यालय सुरू असूनही कर्मचारी पोहोचू शकला नाही, तर ती वैयक्तिक कारणास्तव गैरहजेरी मानली जाते व पूर्ण दिवसाचा पगार कापता येतो. अर्ध्या दिवसाची कपात मात्र करता येत नाही. दीड दिवस गैरहजर राहिल्यास एकाच दिवसाचा पगार कापता येतो. शिल्लक रजेतून तो काळ वळता करण्याची मुभा मालकास आहे.

२. राज्यांचे कायदे :
काही राज्यांनी ही उणीव अंशतः भरून काढली आहे. न्यूयॉर्क राज्यात बहुसंख्य उद्योगांमध्ये, हजर झालेल्या कामगाराला परत पाठविल्यास चार तासांचे अथवा ठरलेली पाळी त्याहून लहान असल्यास तेवढ्या तासांचे वेतन, किमान वेतनदराने द्यावे लागते. मात्र वादळामुळे घरीच अडकलेल्या कामगाराला या तरतुदीचा उपयोग नाही.

३. केंद्र शासनाचे कर्मचारी :
फेब्रुवारी २०१० मधील हिमवादळांमुळे वॉशिंग्टन परिसरातील केंद्रीय कार्यालये अनेक दिवस बंद होती. त्याच वर्षी घरून काम करण्यासंबंधीचा ‘टेलिवर्क एन्हान्समेंट ॲक्ट’ संमत झाला. पुढे २०१६ च्या कायद्याने हवामान व सुरक्षितता यांसाठी स्वतंत्र पगारी रजा निर्माण केली. परंतु घरून काम करण्याची व्यवस्था असलेल्यांना सामान्यतः ती मिळत नाही. संगणकाधारित काम करणाऱ्यांचा ‘बर्फाचा दिवस’ अशा रीतीने कामाचा दिवस ठरला.

४. मूल्यमापन :
वरील तरतुदी एकत्र पाहिल्यास एक विसंगती स्पष्ट होते. ज्याचे उत्पन्न स्थिर आहे, त्याला कायद्याचे अधिक संरक्षण आहे. दुकानातील विक्रेता, सफाई कामगार, उपाहारगृहातील आचारी यांचे काम घरून होऊ शकत नाही आणि वेतनही तासांवर अवलंबून असते. शिवाय वेतन बुडण्याच्या भीतीने हेच कामगार धोकादायक रस्त्यांवर प्रवास करण्याची शक्यता अधिक असते.

समारोप :
कायद्याने ठरविलेली मर्यादा ही किमान मर्यादा आहे. तिच्यापेक्षा अधिक देण्यास मालकास मज्जाव नाही. म्हणून कार्यालय बंद ठेवण्याचा निर्णय कोणी व किती वाजेपर्यंत कळवावा, तासांवरील कामगारांना किती वेतन द्यावे आणि बुडालेली पाळी नंतर भरून देण्याची संधी कशी द्यावी, हे हिवाळ्यापूर्वीच लेखी स्वरूपात निश्चित होणे आवश्यक आहे. निसर्गाचा प्रकोप सर्वांवर सारखाच होतो. त्याची किंमत मात्र सर्वांत कमी वेतन घेणाऱ्यानेच मोजावी, हे न्यायाला धरून नाही.