पान्याची विद्या

शहापुरातल्या आमच्या दुकानात दिवस दोन भाषांत उजाडतो. एक गिऱ्हाईक ‘गाळी हाक्री’ म्हणत सायकल टेकवते, दुसरे ‘हवा मारा’ म्हणते. पंप मात्र एकच. दुकान माझ्या दादाचे. नववीत शाळा सोडून तो एका उस्तादाकडे कामाला लागला. त्याच्याच कमाईवर मी आज बी.कॉम.ला आहे. कॉलेज सुटल्यावर मी त्याच्या हाताखाली बसतो. या धंद्याला शिक्षण लागत नाही असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, म्हणून हा लेख.

उस्तादाकडच्या शाळेत पहिले काही महिने झाडलोट करायची, पाने पुसून जागेवर लावायचे आणि चहा आणायचा. त्यातच कोणता पाना कुठल्या नटाला लागतो ते डोळ्यांत बसते. मग पंक्चर, मग चेन, मग हबमधले छर्रे आणि ग्रीस. पहिल्याच आठवड्यात मी डाव्या पायडलवर सारा जोर लावला, तर ते अधिकच आवळले. दादा हसून म्हणाला, “डाव्याचे आटे उलटे असतात रे!” ते उजव्यासारखेच ठेवले, तर सायकल चालवता चालवता पायडल सैल होऊन निघून येईल.

सर्वांत अवघड काम चाकाचा ‘आऊट’ काढण्याचे. साध्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० स्पोक असतात. निम्मे हबच्या डाव्या कडेला, निम्मे उजव्या. चाक फिरवून शेजारी खडू धरायचा. रिंग जिथे घासते तिथे खूण उमटते. रिंग उजवीकडे झुकली असेल, तर तिथले डावे स्पोक आवळायचे, उजवे ढिले करायचे आणि तेही थोडे थोडे. एकच स्पोक भरमसाट आवळला की रिंगेची गोलाई बिघडते. दोन्ही बाजू जुळवणे म्हणजे काय, हे मला ताळेबंदाच्या आधी चाकाने शिकवले.

मोटारसायकलीचे निदान दादा प्लगवरून करतो. प्लगवर कोरडी काळी काजळी असली तर पेट्रोल जास्त जाते, पांढरटपणा असला तर कमी पडते. तपकिरी रंग असला की ठीक. मग कान देऊन तो कार्बोरेटरचा स्क्रू फिरवतो. परंतु १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ मानके लागू झाली आणि नव्या गाड्यांत कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. पेट्रोल किती सोडायचे ते आता सेन्सरांच्या मदतीने छोटा संगणक ठरवतो. बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. नुसता कान पुरत नाही.

दुसरी वाट आय.टी.आय.ची. तेथे ‘मेकॅनिक मोटार व्हेईकल’ हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून परीक्षेनंतर प्रमाणपत्र मिळते. १९६१च्या कायद्यानुसार पुढे उमेदवारी करताना विद्यावेतनही मिळते. उस्तादाकडे हात तयार होतो, पण ‘असे का?’ याचे उत्तर प्रत्येक वेळी मिळतेच असे नाही. संस्थेत ते मिळते, पण हात वळायला गिऱ्हाइकांच्या शंभर गाड्या खोलाव्या लागतात. दोन्ही हवे.

गेल्या वर्षी स्कॅनरसाठी दादाने एका बँकेत कर्ज मागितले. “शिक्षण काय?” साहेबांनी विचारले. “पंधरा वर्षे हेच काम करतो.” “त्याचा कागद?” कागद नव्हता. घरी येऊन दादा काही बोलला नाही. जेवला आणि पुन्हा दुकानात गेला.

आम्ही वाणिज्य शाखेत शिकतो की धंद्याच्या नावलौकिकालाही किंमत असते, तिला ख्याती म्हणतात. पण विकत घेतलेली ख्यातीच हिशेबात मालमत्ता म्हणून दाखवता येते, स्वतः कमावलेली नाही. दादाच्या विद्येचे तेच झाले आहे.

अनुभवातून मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत करण्यात आली. तशी परीक्षा दादाने द्यावी म्हणून मी मागे लागलो आहे. संध्याकाळी तो मला आऊट काढायला शिकवतो. रात्री मी त्याला इंजेक्शनच्या पुस्तकातले इंग्रजी शब्द मराठीत समजावून देतो. काल त्याने विचारले, “परीक्षेत मला काय विचारतील रे?”

मी म्हणालो, “डाव्या पायडलचे आटे.”