प्रतबंदी : जमिनीची आणि मुलांची

पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी ज्या जमीन-पाहणीचा पाया घातला आणि जिचा विस्तार पुढे मुंबई इलाख्यात झाला, तिच्यातील प्रतबंदीचे काम आजच्या शिक्षकांनी एकदा अवश्य अभ्यासावे. शेताच्या नकाशावर चौकटी आखून चौकटीगणिक माती उकरून पाहावयाची. ती काळी, एकजीव आणि पावणेदोन हात खोल निघाली तर सोळा आणे, आणि तेथून उतरत उतरत नवव्या वर्गाला अवघे दोन आणे. चुनखडी, वाळूची मिसळ, उतार, पाण्याने वाहून जाण्याचे भय असा एकेक दोष आढळला की जमीन एकेक वर्गाने खाली येई, आणि तो दोष खुणेने त्याच चौकटीत नोंदला जाई. म्हणून अमुक जमीन बारा आण्यांवर का उतरली, हे दप्तर उघडणारास कळत असे. या प्रतीवरून ठरणाऱ्या शेतसाऱ्याचा बोजा रयतेला पुष्कळ ठिकाणी असह्य झाला, हे मी विसरत नाही. पण प्रत आणि तिचे कारण तेथे एकत्र नांदत होते, ही गोष्ट मोलाची आहे.

जमिनीच्या प्रतीप्रमाणे सिमेंटच्या गोणीवरील ५३ हा प्रतीचा आकडादेखील आपल्या मर्यादेत राहतो : तो २८ दिवसांनंतर दर चौरस मिलिमीटरला किमान किती न्यूटन दाब सोसला जावा एवढेच सांगतो. त्याहून अधिक काही सांगण्याचा आव आणीत नाही.

शाळेतील श्रेणीचे मात्र तसे राहत नाही. शालान्त परीक्षेत ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य, ६० ला प्रथम श्रेणी, ४५ ला द्वितीय आणि ३५ ला उत्तीर्ण, हे टप्पे वास्तविक काही तासांत लिहिलेल्या उत्तरपत्रिकांचे. परंतु निकाल घरी येताच ते मुलाच्या बुद्धीचे, स्वभावाचे, किंबहुना भवितव्याचे मोजमाप होऊन बसतात, आणि दोन-चार गुणांनी हुकलेली श्रेणी नोकरीच्या अर्जापासून सोयरिकीच्या बैठकीपर्यंत त्याची पाठ सोडीत नाही. हा मला धडधडीत अन्याय वाटतो.

महाराष्ट्रात २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा अ-१ पासून इ-२ पर्यंतच्या श्रेण्यांसोबत वर्णनात्मक नोंदीही आल्या. ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ हे प्रगतिपुस्तकातील रकाने म्हणजे प्रतबंदीच्या चौकटीतील त्या खुणाच होत. गणितात ब-२ मिळालेली मुलगी तोंडी हिशेब बिनचूक करते, पण शाब्दिक उदाहरण वाचताना अडखळते, असे तेथे लिहिले असेल तर पुढे काय करावयाचे हे आईबापांना उमगते. दुर्दैवाने ‘वर्गात लक्ष देतो’, ‘अक्षर सुधारावे’ अशी ठरीव वाक्ये पटावरील सगळ्यांच्या नावांपुढे उतरविण्याचा प्रघात पडला आहे. भरगच्च वर्ग आणि इतर कामांचा भार वाहणाऱ्या शिक्षकांकडे त्याचा सगळा दोष जात नाही. पालकांना माझी विनंती एवढीच की, प्रगतिपुस्तक हाती येताच श्रेणीआधी हे तीन रकाने वाचावेत, आणि ते कोरे किंवा साचेबंद असतील तर शाळेत जाऊन आदरपूर्वक कारण विचारावे.