परसातील जीव : मारण्यापूर्वी ओळखा

शेतकऱ्याच्या घरामागील परस म्हणजे त्याच्या शेताचीच एक लहान प्रतिकृती होय. तेथे लिंबाचे एखादे झाड असते, मांडवावर वालाचा वेल चढलेला असतो. गोठा, उकिरडा, सरपणाचा ढीग आणि कुंपणालगत कडुनिंबही असतो. शेतात पिकांचे बरेवाईट करणाऱ्या जीवांपैकी पुष्कळसे जीव येथेही वावरतात, आणि शेतापेक्षा येथे ते अधिक सहजपणे दृष्टीस पडतात. परंतु दिसला जीव की ठेचावा, अशी सर्वसाधारण रीत असल्यामुळे शत्रूबरोबर मित्रही मारले जातात आणि खरा शत्रू कित्येकदा नजरेतून सुटतो. यासाठी परसातील नेहमीच्या काही जीवांची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

वेलीवर आणि लिंबावर

वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळ्या माव्याचे थर बसलेले पुष्कळांनी पाहिले असतील. मावा रस शोषतो व गोड चिकट द्रव टाकतो. त्या द्रवासाठी मुंग्यांची रांग वेलीवर चढते. म्हणून मुंग्या चढू लागल्या की शेंडा उलटून पाहावा. तेथेच करड्या-काळ्या रंगाची, अंगावर पिवळसर ठिपके असलेली, इवल्याशा मगरीसारखी दिसणारी एक चपळ अळी आढळते. मावा हिनेच आणला असे समजून ती चिरडली जाते. वस्तुतः ती ढालकिड्याची अळी असून माव्यावरच जगते. पुढे तिचाच गोल, पाठीवर काळी नक्षी असलेला ढालकिडा होतो. तोही मावाच खातो. पानाखाली केसासारख्या बारीक देठांवर उभी असलेली अंडी दिसली, तर ती क्रायसोपा या मित्रकीटकाची असतात. त्यांनाही हात लावू नये. हे मित्रकीटक वेलीवर असताना विषारी औषध फवारले, तर मावा काही दिवसांनी पुन्हा येतो, पण त्याला खाणारे उरत नाहीत. मावा थोडा असल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा. वाढला असल्यास ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा.

लिंबाच्या पानावर पाखराची विष्ठा पडल्यासारखी दिसते, ती कित्येकदा फुलपाखराची लहान अळी असते. शत्रूच्या नजरेपासून बचाव व्हावा म्हणून निसर्गाने तिला हे रूप दिले आहे. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून तांबूस शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. लहान रोपाची पाने ती पार फस्त करते. परसातील एक-दोन झाडांसाठी मात्र औषधाची गरज नाही. रोज सकाळी अळ्या हाताने वेचल्या म्हणजे काम भागते.

भिंतीवरील कुंभारीण

गोठ्याच्या भिंतीवर मातीचे लहान घर बांधणारी कुंभारीण माशी सर्वांच्या परिचयाची आहे. हिच्या काही जाती घरात अळ्या साठवितात, तर काही कोळी साठवितात. दंश करून ती भक्ष्याला ठार न मारता निश्चेष्ट करते, त्यामुळे ते कुजत नाही. त्यासोबत अंडे घालून ती तोंड लिंपते. पुढे त्या घरातून माशीच बाहेर पडते. हे पाहूनच आळीची माशी होते असा समज रूढ झाला व भृंगकीटन्याय म्हणून तो प्रसिद्धीस आला. खरा प्रकार असा की, अंड्यातून निघालेली माशीची अळी ते साठविलेले अन्न खाऊन वाढते. अळ्या वेचणारी ही माशी शेतकऱ्याचे काम विनामूल्य करते. तिची घरे विनाकारण पाडू नयेत.

धामण आणि घुबड

धान्याची कणगी असेल तेथे उंदीर येतात व उंदरांमागे धामण येते. धामण बिनविषारी आहे. ती म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हा समज निराधार आहे. कारण सापाच्या तोंडाची रचना सड चोखण्याजोगी नसते. गव्हाणी घुबडालाही अशुभ मानून हुसकावले जाते. त्याच्या बसण्याच्या जागेखाली पडलेली केसांची गोळी काडीने उकलून पाहावी. तीत उंदरांच्या कवट्या व हाडे सापडतील, आणि घुबड रात्री कोणते काम करते याचा पुरावा हाती येईल. या दोन्ही प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे.

मात्र धामणीची आणि नागाची गल्लत होऊ शकते, हे विसरू नये. साप न ओळखता त्याच्या जवळ जाऊ नये. जाणकार सर्पमित्रास बोलवावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचा दंश प्राणघातक ठरू शकतो. दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

कडुनिंबावरील खरा शत्रू

ज्याच्याकडे सर्वात कमी लक्ष जाते, तो शत्रू वळवाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर परसातच हजर होतो. त्या दिवशी तिन्हीसांजेला जमिनीतून तांबूस-तपकिरी भुंगेरे निघून कडुनिंबावर व बाभळीवर जमतात, पाला खातात आणि तेथेच त्यांचे मीलन होते. उजाडण्यापूर्वी ते पुन्हा जमिनीत शिरतात, म्हणून दिवसा दिसत नाहीत. हेच हुमणीचे भुंगेरे होत. एक मादी सुमारे ५० ते ६० अंडी जमिनीत घालते. त्यांतून निघणाऱ्या अळ्या कित्येक महिने ऊस, भुईमूग आदी पिकांची मुळे कुरतडतात. पीक पिवळे पडून वाळू लागेपर्यंत त्यांचा पत्ता लागत नाही, आणि तोवर उपायाची खरी वेळ निघून गेलेली असते.

ती खरी वेळ म्हणजे याच काही संध्याकाळी. अंधार पडताच झाडाखाली कापड पसरावे, काठीला आकडी बांधून फांद्या हलवाव्यात आणि पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून नष्ट करावेत. भुंगेरे निघत आहेत तोवर हे काम रोज चालू ठेवावे. एकट्या शेतकऱ्याने केल्यास त्याचा उपयोग थोडा, कारण शेजारच्या बांधावरील झाडावरून भुंगेरे पुन्हा येतात. त्यामुळे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वळवाच्या आधीच सभा घेऊन कडुनिंबाच्या व बाभळीच्या झाडांची यादी करावी, वाडीवार तुकड्या नेमाव्यात आणि पहिला भुंगेरा ज्या संध्याकाळी दिसेल त्याच संध्याकाळी सर्वांना कळविण्याची व्यवस्था ठेवावी.