होडी वाहणाऱ्या गाडीची हंगामापूर्वीची निगा

ठाणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत उत्तन, पाली व चौक ही कोळ्यांची जुनी गावे एकमेकांस लागून वसलेली आहेत. उत्तरेस वसईची खाडी व पश्चिमेस अरबी समुद्र असलेल्या या पट्ट्यात डोल जाळ्याने बोंबील पकडणे व वलांडीवर तो सुकविणे हा परंपरागत व्यवसाय आहे. पावसाळा सुरू होताच येथील होड्या किनाऱ्यावर घेतल्या जातात, शाकारल्या जातात आणि श्रावणाच्या सुमारास पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा मासेमारी बंदीचा काळ पाळला जातो. हा काळ माशांच्या प्रजननासाठी जितका आवश्यक, तितकाच तो मच्छीमारास आपली साधने दुरुस्त करून घेण्यासाठीही उपयुक्त आहे.

होडी, जाळी व इंजिन यांची निगा राखण्यात आपले मच्छीमार बांधव सहसा कमी पडत नाहीत. परंतु होडी ज्या साधनावरून पाण्यात जाते, त्याकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते. मोठ्या लाकडी नौका ओंडक्यांवरून, दोरखंड लावून किंवा यंत्राच्या साहाय्याने ओढल्या जातात. लहान फायबरच्या होड्या मात्र लोखंडी सांगाड्याच्या दोन चाकी गाडीवरून, म्हणजे ट्रेलरवरून, नेणे सोयीचे पडते. अशी गाडी वर्षातून मोजकेच दिवस चालते व उरलेले दिवस उन्हापावसात पडून राहते. त्यामुळे ऐन नारळी पौर्णिमेच्या दिवशी, भरतीचे पाणी चढत असता, तिचे चाक जाम होणे किंवा आस मोडणे असे प्रकार घडू शकतात. वाळूत अडकलेली गाडी, तिच्यावर होडी आणि सभोवती वाढणारे पाणी, अशा स्थितीत घाईघाईने खांदा लावणाऱ्या माणसांचे हातपाय सापडण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. होडीचे नुकसान पुढे भरून निघते; माणसाचा पाय भरून निघत नाही.

गाडी का बिघडते

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हे क्षार लोखंडाच्या गंजण्याचा वेग वाढवितात. शिवाय मीठ हवेतील दमटपणा शोषून घेत असल्याने, वरवर कोरड्या दिसणाऱ्या सांध्यातही गंजण्याची क्रिया चालूच राहते. म्हणूनच खाऱ्या पाण्यातून बाहेर काढलेली गाडी न धुता ठेवणे हे तिच्या नाशाचे पहिले कारण होय.

दुसरे कारण चाकाच्या तुंब्यात दडलेले असते व ते डोळ्यांस दिसत नाही. गाडी रस्त्याने काही किलोमीटर धावली की तुंबा तापतो व आतील हवा प्रसरण पावते. तीच गाडी लगेच पाण्यात उतरविल्यास तुंबा एकदम थंड होतो, आतील हवा आकुंचन पावते आणि सीलच्या फटीतून बाहेरचे खारे पाणी आत ओढले जाते. हे पाणी वंगणात मिसळून बेअरिंगवर साचते. पुढे दोन महिने गाडी उभी राहिली की बेअरिंगच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गंजाचे खड्डे पडतात व पहिल्याच फेरीत ते फुटते. यावर उपाय अगदी सोपा आहे. किनाऱ्यावर पोहोचल्यावर तुंब्यावर हात ठेवून पाहावे. तो उष्ण लागल्यास निवेपर्यंत थांबावे आणि मगच चाके पाण्यात घालावीत.

उभ्या गाडीची काळजी

होडी किनाऱ्यावर आणल्यावर प्रथम गाडीचा सांगाडा, स्प्रिंगा, तुंबे व नटबोल्ट गोड्या पाण्याने स्वच्छ धुवावेत. पोकळ नळ्यांच्या सांगाड्यात पाणी साचते. म्हणून त्यांच्या खालच्या बाजूची छिद्रे मोकळी आहेत की नाहीत ते पाहावे. त्यानंतर सांगाड्याखाली भक्कम लाकडी ठोकळे देऊन टायरांवरील भार काढावा. एकाच जागी भाराखाली दीर्घकाळ उभा राहिलेला टायर त्या ठिकाणी चपटा होतो व त्यास भेगा पडतात. टायरांवर ऊन पडू नये म्हणून झावळ्यांचे किंवा गोणपाटाचे आच्छादन घालावे. गाडी उतारावर असेल तर चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावण्यास विसरू नये.

होडी गाडीवरच ठेवावयाची असल्यास आणखी एक दक्षता आवश्यक आहे. होडीचे तोंड थोडे वर ठेवून मागील बाजूचे बूच काढून ठेवावे. चार मीटर लांब व एक मीटर रुंद अशा तळावर केवळ दहा सेंटिमीटर पाणी साचले, तरी त्याचे वजन सुमारे ४०० किलो होते. मुसळधार पावसाच्या एका रात्रीत हा भार स्प्रिंगा वाकविण्यास व होडीच्या तळास चीर पाडण्यास पुरेसा ठरतो. काढलेले बूच सुकाणूच्या दांड्यास दोरीने बांधून ठेवावे, म्हणजे होडी लोटण्यापूर्वी ते बसविण्याची आठवण राहील.

तुंबा व बेअरिंग

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात चाकांची तपासणी करावी. चाक जॅकने उचलून हाताने फिरवावे. आतून खरखर ऐकू आल्यास किंवा चाक अडखळत फिरल्यास बेअरिंग खराब झाले असे समजावे. नंतर चाक वर व खाली धरून हलवून पाहावे. ते डुगडुगत असल्यास नट सैल आहे किंवा बेअरिंग झिजले आहे.

तुंबा उघडल्यावर प्रथम वंगणाचा रंग पाहावा. ते दुधासारखे पांढरट झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. जुने वंगण पूर्णपणे पुसून बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुवावे व स्वच्छ फडक्यावर वाळवावे. हे काम ज्वाळेपासून दूर, मोकळ्या हवेत करावे. बेअरिंगवर खड्डे, निळसर डाग किंवा चिरा दिसल्यास ते पुन्हा बसवू नये. बेअरिंग बदलताना ज्या कड्यात ते फिरते ते कडेही बदलावे. जुन्या कड्यात नवे बेअरिंग लवकर झिजते. सील मात्र प्रत्येक वेळी नवेच घालावे.

वंगण पाण्याने धुऊन न जाणाऱ्या जातीचे, म्हणजे सागरी वापराचे, घ्यावे. ते केवळ वरून चोपडून भागत नाही. तळहातावर घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूने आत दाबावे व दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत भरावे. दोन भिन्न जातींची वंगणे एकत्र करू नयेत. काही वंगणे एकमेकांत मिसळताच पातळ होतात व गळून जातात. चाक बसविताना ते फिरवीत फिरवीत नट आवळावा, थोडा जडपणा जाणवताच किंचित सैल करावा आणि नवी कॉटर पिन घालावी. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरण्याची काटकसर हितावह नाही.

सांगाडा, स्प्रिंगा व टायर

सांगाडा लहान हातोडीने ठोकून पाहावा. निरोगी लोखंड खणखणीत वाजते, तर आतून खाल्लेल्या लोखंडाचा आवाज बद्द येतो. वेल्डिंगचे सांधे, आसाची बैठक आणि स्प्रिंगांचे बोल्ट या तीन जागी विशेष लक्ष द्यावे. गंज तारेच्या ब्रशाने खरवडून, पावसाच्या उघडिपीत व छपराखाली रेड ऑक्साइडचा हात द्यावा आणि तो वाळल्यावर वरचा रंग लावावा. ओलसर लोखंडावर दिलेला रंग काही आठवड्यांतच पोपडे धरून निघतो. नवी गाडी करून घेणाऱ्यांनी संपूर्ण सांगाड्यास वितळलेल्या जस्ताचा मुलामा द्यावा. जस्त स्वतः झिजून लोखंडाचे रक्षण करते, म्हणून किरकोळ ओरखडा पडला तरी तेथील लोखंड लगेच गंजत नाही.

स्प्रिंगेच्या पट्ट्यांपैकी एखादी तुटली असल्यास ती तात्काळ बदलावी. टायरच्या बाजूंवर भेगा असतील तर नक्षी शाबूत असूनही तो टायर निकामी समजावा. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत व काही किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत. ज्या रबरी रुळांवर किंवा गादी लावलेल्या फळ्यांवर होडी टेकते, ते होडीच्या तळास सर्वत्र सारखे लागतात की नाही ते पाहावे. भार एकाच ठिकाणी पडल्यास फायबरच्या तळास बारीक चिरा पडतात. इंजिन मागील फळीवर टांगलेले असते. म्हणून त्या फळीखाली आधार असणे अगत्याचे आहे.

दोर, विंच व जोडणी

तारेचा दोर वापरात असेल तर जाड कापड हातात धरून तो तपासावा. तुटलेल्या तारांची कुसळे कापडात अडकल्यास तो दोर बदलावा. नायलॉनचा दोर ताणला जातो व तुटताच विलक्षण वेगाने उसळून मागे येतो. म्हणून ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणीही, विशेषतः मुलांनी, उभे राहू नये. विंचच्या दातेरी चाकास अडकणारी खिटी झिजली असल्यास भरलेली होडी मागे घसरते. तेव्हा तिचे दात तपासून घ्यावेत.

गाडी वाहनास जोडल्यावर एकूण वजनाच्या सुमारे ५ ते १० टक्के भार जोडणीच्या दांड्यावर पडेल अशा रीतीने होडी पुढेमागे सरकवावी. भार मागे अधिक झाल्यास रस्त्याने जाताना गाडी डोलू लागते. जोडणीखाली सुरक्षा-साखळ्या एकमेकींस छेदून लावाव्यात व मागील दिवे चालू आहेत याची खात्री करावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे. त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर गाडी नेण्यापूर्वी तिची नोंदणी परिवहन कार्यालयात करून घ्यावी.

भरतीची वेळ व होडी लोटणे

आपल्या किनाऱ्यावरील जाणत्या तांडेलांना भरतीचे गणित तोंडपाठ असते. तिथीस तीनने गुणून चारने भागले असता भरतीची स्थूल वेळ मिळते. अष्टमीस आठ गुणिले तीन, भागिले चार, म्हणजे सहा वाजता. एकादशीस सव्वाआठ वाजता आणि पौर्णिमेस सव्वाअकरा वाजता पूर्ण भरती येते. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी लागून पाणी तळास जाते. हे गणित अंदाजाचे आहे; अचूक वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते व समुद्राच्या स्थितीसाठी हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा इशारा पाहावा. जो दिवस सणाचा तोच उधाणाचा. पौर्णिमेस भरतीचे पाणी सर्वांत उंच चढते व ओहोटीस सर्वांत दूर जाते. अष्टमीच्या भांगाच्या दिवसांत हा फरक कमी असतो. म्हणून गाडीची चाचणी उधाणाच्या गर्दीत न करता त्यापूर्वीच्या भांगात, मोकळ्या होडीनिशी, करून पाहणे श्रेयस्कर होय. अर्थात, या चाचणीत होडी समुद्रात न्यावयाची नसून केवळ गाडी पाण्याच्या कडेपर्यंत उतरवून परत आणावयाची आहे.

होडी चढत्या पाण्यात लोटावी. गाडी अडकलीच तरी वाढते पाणी होडीस उचलून धरते. उतरत्या पाण्यात मात्र होडी व गाडी दोन्ही वाळूत अडकून राहतात. उत्तन-पालीच्या किनाऱ्यावर वाळूबरोबर खडकही आहेत. तेव्हा उतरण्याची वाट आदल्या ओहोटीस पायी फिरून पाहावी व खडकांच्या जागी काठ्या रोवाव्यात. आज्ञा एकाच माणसाने द्यावी. उतारावर गाडीच्या खालच्या बाजूस कोणी उभे राहू नये. होडी तरंगताच गाडी ताबडतोब वर ओढून गोड्या पाण्याने धुवावी.

कामाचे वेळापत्रक

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी धुऊन ठोकळ्यांवर घ्यावी. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात तुंबे उघडून बेअरिंग व सील यांची यादी करावी. सुटे भाग वेळेवर मिळणे सोपे जाते, कारण जुलैअखेर सर्वांचीच मागणी एकदम येते. दुसऱ्या पंधरवड्यात सांगाड्याची दुरुस्ती, रंग, टायर व दोर ही कामे उरकावीत. त्यानंतर भांगाच्या दिवशी चाचणी घ्यावी. गावातील पाच-सहा कुटुंबांनी मिळून एक जॅक, एक ग्रीसची बंदूक व अवजारांचा एक संच ठेवल्यास प्रत्येकाचा खर्च पुष्कळ वाचतो. मच्छीमार सहकारी संस्थांना हे काम सहज करता येईल.

बेअरिंगची जोडी, दोन सील व थोडे वंगण यांचा खर्च हंगामातील एक दिवस वाया गेल्याने होणाऱ्या हानीच्या मानाने अल्प आहे. ज्यांच्या गाड्या या वर्षी अद्याप उघडलेल्या नाहीत, त्यांनी पावसाची पहिली उघडीप साधून चाके उचलून फिरवून पाहावीत. आतून येणारा आवाज काय सांगतो ते ऐकून मगच हंगामाची तारीख ठरवावी.